आनंदनगरीला टाळे : करोनाकाळातील थीम पार्क

थीम पार्क म्हणजे एखाद्या कल्पनेभोवती उभारलेली करमणुकीची नगरी. पाळणे, मिरवणुका आणि आतषबाजी हा तिचा दर्शनी भाग. त्यामागे स्वयंपाकघरे, धुलाईगृहे, शिवणखाते, यंत्रदुरुस्ती विभाग, हॉटेले, सुरक्षारक्षक, माळी आणि सफाई कामगार यांची मोठी यंत्रणा राबत असते. २०२० च्या आरंभी करोनाची साथ पसरू लागली तेव्हा जगभरातील अशा नगऱ्या काही आठवड्यांच्या अंतराने बंद झाल्या. गर्दी हेच ज्या उद्योगाचे भांडवल, त्याला गर्दीच निषिद्ध ठरली. या टाळेबंदीची झळ पर्यटक आणि कर्मचारी अशा दोघांनाही लागली. मात्र ती सारखी नव्हती. पर्यटकाची सहल हुकली, पैसे बहुधा परत मिळाले. कर्मचाऱ्याचा पगार थांबला आणि अमेरिकेसारख्या देशात नोकरीशी जोडलेला आरोग्य विमाही धोक्यात आला. या अनुभवाचा सर्वांत सविस्तर तपशील डिस्ने कंपनीच्या उद्यानांच्या बाबतीत उपलब्ध आहे.

दारे कशी मिटली

साथीचा उगम चीनमध्ये झाल्याने पहिले टाळेही तेथेच लागले. शांघाय येथील डिस्नीलँड २५ जानेवारी २०२० रोजी, तर हाँगकाँगचे उद्यान त्याच्या दुसऱ्या दिवशी बंद झाले. टोकियोतील उद्याने २९ फेब्रुवारीपासून बंद राहिली. मार्चच्या मध्यावर पॅरिस, फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया येथील दारेही मिटली.

कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी सुरू झालेले डिस्नीलँड हे या साऱ्यांतील मूळ उद्यान. १९६३ मध्ये अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येनंतरचा राष्ट्रीय दुखवटा, १९९४ चा भूकंप आणि ११ सप्टेंबर २००१ चा दहशतवादी हल्ला, अशा मोजक्याच प्रसंगी ते अनपेक्षितपणे दिवसभर बंद राहिले होते. १४ मार्च २०२० पासून ते महिनाअखेरपर्यंत बंद ठेवण्याचे ठरले. प्रत्यक्षात ते उघडायला ३० एप्रिल २०२१ उजाडला. ही टाळेबंदी ४१२ दिवस चालली.

या काळात उद्याने पूर्णपणे निद्रिस्त मात्र नव्हती. फ्लोरिडातील अॅनिमल किंगडममधल्या प्राण्यांना रोज खाद्य द्यावे लागत होते, झाडांची निगा राखावी लागत होती, यंत्रांची देखभाल करावी लागत होती. अशा मोजक्या कर्मचाऱ्यांखेरीज इतरांना मात्र घरी बसावे लागले.

बिनपगारी रजा

डिस्नेच्या परिभाषेत उद्यानातील प्रत्येक कर्मचारी हा ‘कास्ट मेंबर’, म्हणजे जणू नाटकाच्या नटसंचातील एक पात्र असतो. मग तो मिकी माउसच्या पोशाखात असो वा हातात झाडू घेतलेला असो. प्रयोग थांबल्यावर या नटसंचाचे काय करायचे, हा प्रश्न कंपनीपुढे उभा राहिला. १८ एप्रिल २०२० पर्यंत तिने पगार दिला. त्यानंतर कर्मचाऱ्यांना बिनपगारी सक्तीच्या रजेवर पाठविण्यात आले. एकट्या फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये कामगार संघटनांच्या कक्षेतील सुमारे ४३ हजार जणांवर ही वेळ आली. संघटनांशी झालेल्या करारामुळे त्यांची नोकरी कागदोपत्री टिकली आणि आरोग्य विमाही चालू राहिला. महासाथीच्या काळात ही सवलत लहान नव्हती.

घरखर्चासाठी मात्र बेकारी भत्त्यावरच भिस्त होती आणि तो राज्यागणिक वेगळा होता. कॅलिफोर्नियात आठवड्याला कमाल ४५० डॉलर मिळत. फ्लोरिडात ही मर्यादा अवघी २७५ डॉलर होती आणि तीही सामान्यतः १२ आठवड्यांपुरती. शिवाय फ्लोरिडाची संगणकीय नोंदणी यंत्रणा अर्जांच्या ओझ्याखाली कोलमडली. अमेरिकेच्या संघ सरकारने आठवड्याला ६०० डॉलरची जादा मदत दिल्याने अनेक कुटुंबे तगली. परंतु ही मदत जुलै २०२० च्या अखेरीस संपली.

सर्वाधिक घाई झाली ती प्रशिक्षणार्थी विद्यार्थ्यांची. कंपनीच्या महाविद्यालयीन उपक्रमासाठी फ्लोरिडात आलेल्या आणि कंपनीनेच पुरविलेल्या निवासात राहणाऱ्या तरुणांना १५ मार्च रोजी उपक्रम संपल्याचे कळविण्यात आले आणि १८ मार्चपर्यंत खोल्या रिकाम्या करण्यास सांगण्यात आले. घर आणि काम एकाच मालकाच्या हाती असले, की संकटात दोन्ही एकदमच जातात, हे या घटनेने दाखवून दिले.

हा आघात सोसण्याइतकी शिल्लक अनेकांकडे नव्हती. अॅनाहाइममधील कामगार संघटनांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ७३ टक्के कर्मचाऱ्यांनी दरमहाचे मूलभूत खर्चही पगारात भागत नसल्याचे सांगितले होते. म्हणजेच साथ येण्यापूर्वीच हा वर्ग काठावर उभा होता.

अखेर २९ सप्टेंबर २०२० रोजी कंपनीने उद्यान विभागातील सुमारे २८ हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली. त्यांतील सुमारे ६७ टक्के कर्मचारी अर्धवेळ काम करणारे होते. नोव्हेंबरमध्ये हा आकडा ३२ हजारांवर नेण्यात आला. तात्पुरत्या रजेवर असल्याचे समजून परतीची वाट पाहणाऱ्या हजारो जणांची प्रतीक्षा येथे संपली.

उघडावे की न उघडावे?

फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया या दोन राज्यांनी नेमक्या विरुद्ध वाटा धरल्या. फ्लोरिडातील मॅजिक किंगडम आणि अॅनिमल किंगडम ही उद्याने ११ जुलै २०२० रोजी उघडली. दुसऱ्याच दिवशी त्या राज्यात १५ हजारांहून अधिक नव्या रुग्णांची नोंद झाली. अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा तोवरचा तो एका दिवसातील उच्चांक होता. मुखपट्टी सक्तीची झाली, तापमान तपासले जाऊ लागले, मिरवणुका व आतषबाजी थांबली. रंगमंचावरील कलाकारांच्या संघटनेने मात्र नियमित चाचणीचा आग्रह धरला. मुखपट्टी लावून गाणे वा अभिनय करणे शक्य नसते, हा तिचा युक्तिवाद होता. ऑगस्टमध्ये कंपनीने आपल्या आवारात चाचणी केंद्रासाठी जागा दिल्यावर तडजोड झाली.

कॅलिफोर्नियात डिस्नीलँड आपल्या ६५ व्या वर्धापनदिनी, १७ जुलै २०२० रोजी उघडण्याचा कंपनीचा मनोदय होता. त्यास प्रथम विरोध केला तो कर्मचाऱ्यांच्याच संघटनांनी. सुमारे १७ हजार कामगारांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या संघटनांच्या आघाडीने गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांना जूनमध्ये पत्र लिहून सुरक्षिततेविषयी साशंकता व्यक्त केली. महिनाअखेरीस कामगारांनी उद्यानाबाहेर मोटारींचा निषेध मोर्चा काढला. राज्याची नियमावली वेळेत न आल्याने उद्घाटन लांबणीवर पडले.

शरद ऋतूपर्यंत चित्र पालटले. जादा भत्ता थांबला होता, नोकरकपात जाहीर झाली होती आणि सुरक्षिततेच्या उपायांवर कंपनीशी बोलणी पुढे सरकली होती. आता अनेक संघटनाच उद्यान उघडू द्यावे, अशी मागणी करू लागल्या. यात वरकरणी विसंगती दिसते. परंतु दोन्ही मागण्यांमागे एकच भीती होती. जूनमध्ये आजाराची धास्ती मोठी होती, ऑक्टोबरमध्ये घरभाड्याची. ज्याच्या उत्पन्नाची हमी आहे, तोच आरोग्यासाठी थांबू शकतो. ही हमी संपताच सुरक्षिततेचा प्रश्न विचारण्याची कामगारांची ताकदही घटते.

राज्य सरकारने २० ऑक्टोबर २०२० रोजी दिलेल्या नियमावलीनुसार, जिल्ह्यात लाखामागे रोज एकाहून कमी नवा रुग्ण अशी स्थिती आल्यावरच मोठी उद्याने २५ टक्के क्षमतेने उघडता येणार होती. हा निकष मार्च २०२१ मध्ये सैल करण्यात आला. दरम्यान, १३ जानेवारी २०२१ पासून डिस्नीलँडच्या एका वाहनतळावर सामूहिक लसीकरण केंद्र सुरू झाले होते. पर्यटकांच्या मोटारींसाठी राखलेल्या जागेत लसीसाठी रांगा लागल्या.

टाळेबंदीची झळ उद्यानाच्या भिंतींपलीकडेही पोहोचली. हॉटेलमधील मुक्कामावरील १५ टक्के कर हा अॅनाहाइम महापालिकेच्या सर्वसाधारण निधीचा सर्वांत मोठा स्रोत आहे. पर्यटक थांबताच तो आटला. भोवतालचे मोटेल, उपाहारगृहे, टॅक्सीचालक यांचे उत्पन्नही त्याच दारावर अवलंबून होते. त्यांच्यासाठी संघटनेचा करारही नव्हता.

पर्यटकांच्या वाट्याला

पर्यटकांचे नुकसान पैशांत मोजणे सोपे असले, तरी ते तेवढेच नव्हते. गंभीर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करणाऱ्या ‘मेक-अ-विश’ या संस्थेला मार्च २०२० मध्ये प्रवासाशी संबंधित इच्छा स्थगित ठेवाव्या लागल्या. डिस्नेची उद्याने हे त्या मुलांचे फार आवडते ठिकाण. काही सहली पुढे ढकलता येतात. काहींना तेवढा अवधी नसतो.

नेहमीच्या पर्यटकांनाही बदललेले उद्यान मिळाले. थीम्ड एन्टरटेन्मेंट असोसिएशनच्या अंदाजानुसार अॅनाहाइमच्या डिस्नीलँडला २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ८७ लाख जणांनी भेट दिली होती. २०२० मध्ये ही संख्या ३७ लाखांच्या आत आली.  जानेवारी २०२१ मध्ये डिस्नीलँडची जुनी वार्षिक पास योजना गुंडाळून उर्वरित रक्कम परत करण्यात आली. ३० एप्रिलला दारे उघडली तेव्हा प्रवेश केवळ कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना होता. परराज्यातील पर्यटकांसाठी १५ जूनपर्यंत थांबावे लागले. १९९९ पासून विनामूल्य असलेली, रांग टाळण्याची ‘फास्टपास’ सोय टाळेबंदीनंतर परतलीच नाही. तिची जागा सशुल्क सेवेने घेतली.

जपानमध्ये नियमावलीने पर्यटकांच्या आरोळ्यांवरही बंधन आणले. थुंकीचे तुषार उडू नयेत म्हणून रोलर कोस्टरवर ओरडू नये, अशी विनंती तेथील थीम पार्क संघटनांनी केली. फुजी-क्यू हायलँड या उद्यानाने जून २०२० मध्ये आपल्या दोन अधिकाऱ्यांची निर्विकार चेहऱ्याने केलेली सफर चित्रित करून ‘मनातल्या मनात ओरडा’ असा संदेश दिला. जगभर त्याचे कौतुक झाले.

फ्रान्स आणि जपानचा मार्ग

त्याच कंपनीच्या नावाखाली चालणाऱ्या, पण वेगळ्या देशांतील उद्यानांत कामगारांची स्थिती भिन्न होती. फ्रान्समध्ये ‘आंशिक बेरोजगारी’ योजनेनुसार काम बंद असतानाही हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण ८४ टक्के रक्कम मिळत असे आणि मालकाला सरकारकडून भरपाई होत असे. जपानच्या कायद्यानुसार मालकामुळे काम थांबल्यास सरासरी वेतनाच्या किमान ६० टक्के भत्ता देय असतो. साथीच्या काळात सरकारने त्यासाठी अनुदान वाढविले. तरीही टोकियोतील उद्याने चालविणाऱ्या ओरिएंटल लँड कंपनीने नर्तक व कलाकारांना अन्य कामांकडे वळण्याचा पर्याय पुढे केला. पोट भरले, पण कला सुटली, असा हा अनुभव होता.

महाराष्ट्रातील चित्र

भारतात केंद्र सरकारने १५ ऑक्टोबर २०२० पासून प्रतिबंधित क्षेत्राबाहेरील मनोरंजन उद्यानांना परवानगी दिली. अंतिम निर्णय राज्यांवर सोपविला. महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेनंतर २२ ऑक्टोबर २०२१ पासून पाण्यातील खेळ वगळून ही उद्याने खुली झाली. आपल्याकडे या व्यवसायाचा खरा हंगाम उन्हाळी सुटीचा. २०२० चा उन्हाळा देशव्यापी टाळेबंदीत गेला आणि २०२१ चा दुसऱ्या लाटेने गिळला. २०१३ मध्ये खोपोलीजवळ सुरू झालेल्या इमॅजिकाच्या चालक कंपनीवर आधीपासूनच कर्जाचा भार होता. २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने तिची सूत्रे हाती घेतली.

येथील कामगारांना अमेरिकेसारखा सार्वत्रिक बेकारी भत्ता नाही. राज्य कामगार विमा महामंडळाच्या अटल विमाकृत व्यक्ती कल्याण योजनेत साथीच्या काळासाठी मदत सरासरी वेतनाच्या २५ वरून ५० टक्के करण्यात आली आणि ती कमाल ९० दिवस मिळू शकत होती. मात्र तिचा लाभ विमाधारकांपुरता होता. कंत्राटी व हंगामी कामावर येणारा, नोंदीत नाव नसलेला मजूर तिच्या बाहेरच राहिला.

पुढच्या साथीसाठी

पर्यटक परतले आणि उद्याने पुन्हा गजबजली. कामगारही काही शिकले. अॅनाहाइममध्ये मिरवणुका आणि पात्रांच्या विभागातील सुमारे १,७०० कर्मचाऱ्यांनी मे २०२४ मध्ये मोठ्या बहुमताने संघटना स्थापन करण्याच्या बाजूने कौल दिला.

साथीत गर्दीची ठिकाणे बंद करणे अपरिहार्य असते, यावर फारसे दुमत नाही. वाद उरतो तो त्या बंदचा भार कोणी वाहायचा याचा. तिकिटाचा परतावा कसा द्यायचा याचे नियम बहुतेक उद्यानांकडे आज तयार आहेत. पाळणा चालविणाऱ्याच्या पगाराचे आणि औषधपाण्याचे काय, याचे उत्तर मात्र देशागणिक बदलते. पुढच्या टाळेबंदीपूर्वी ते ठरविणे, हे उद्यान चालविणाऱ्या कंपन्यांइतकेच सरकारांचेही काम आहे.