घाटाखालचे परराज्य

वाडवडिलांची परमुलखातील मिळकत विकावयाची आणि त्यासाठी तिकडचा वकील गाठावयाचा, हा प्रश्न विलायत-अमेरिकेस गेलेल्या मुलांमुळे निर्माण झाला, अशी आपल्या ज्ञातिबांधवांपैकी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः मुळशी खोऱ्यास तो जुनाच आहे. त्यासाठी समुद्र ओलांडण्याचेही कारण नव्हते. तैलबैल्याजवळील सवाष्णीचा घाट उतरला की झाले. वर इंग्रजी अंमल. खाली सुधागड तालुका, म्हणजे भोरच्या पंतसचिवांचे संस्थान.

नातीगोती, देवधर्म, भाषा सारे एकच. परंतु १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या दृष्टीने भोरचे न्यायालय हे परकीय न्यायालय होते. स्थावराचा दावा स्थावर असेल तेथेच लावावा, हा तिच्या १६ व्या कलमाचा दंडक. तेव्हा पुण्याच्या न्यायालयाने भावाभावांची वाटणी ठरविली, तरी पालीकडील भातखाचरांचा निकाल तेवढ्याने लागत नसे. त्यांच्यासाठी दुसरा दावा, दुसरा वकील आणि दुसरा मुद्रांक! काही संस्थानांचे हुकूमनामे इंग्रजी मुलखात बजावता येत. पण तेही ४४ व्या कलमान्वये सरकारने तसे जाहीर केले असेल तरच.

विक्रीस निघालेल्याची अडचण याहून नाजूक असे. स्वतः जाणे न जमल्यास मुखत्यारपत्र देऊन माणूस पाठवावयाचा, आणि तो सचोटीचा निघो अशी प्रार्थना करीत बसावयाचे. एकत्र कुटुंबाच्या कर्त्याने जमीन विकली, तर ती कायदेशीर गरजेपोटी विकली हे सिद्ध करण्याचा भार घेणाऱ्यावर पडे. घरात अज्ञान मुलगा असेल तर तो वयात आल्यावर विक्रीस हरकत घेईल, ही धास्ती असे. शहाणा गिऱ्हाईक म्हणूनच भाव पाडून मागे. आपल्या वृद्धांनी जमिनी मातीमोलाने दिल्या, असा दोष त्यांना देण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे.

या सीमेचा एक विपरीत गुणही होता. टाटा कंपनीच्या धरणासाठी मुळशीच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतल्या गेल्या आणि १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट व विनायकराव भुस्कुटे यांनी झुंज दिली; जमिनी बुडाल्याच. तो कायदा मात्र इंग्रजी मुलखाचा. संस्थानात तो आपोआप लागू नव्हता.

८ मार्च १९४८ रोजी भोर मुंबई प्रांतात विलीन झाले व परराज्य एका दिवसात स्वदेश बनले. कराचीचे नेमके उलट झाले. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता; १९४७ साली तेथील मराठी कुटुंबांची घरे परदेशात गेली. विक्री दुरापास्त झाल्यावर निर्वासितांच्या हाती उरला तो १९५० च्या कायद्याखालील दावा आणि १९५४ च्या कायद्याखालील भरपाई.

आता परदेशी आहेत ते वारसच, आणि जमीन मुळशीत. त्यांनी तिकडे केलेले मुखत्यारपत्र नोटरीसमोर वा भारतीय वकिलातीत व्हावे लागते. ते राज्यात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर येथील मुद्रांक लागतो. शेतजमीन असेल तर सामान्यतः शेतकऱ्यासच विकता येते. १९४८ च्या कुळकायद्याचे ६३ वे कलम पाहावे. जुने संस्थानी कागद मोडीत असल्यास ते वाचणारा आधी शोधावा, वकील मागाहून.