‘श्यामची आई’ ते ‘किल्ला’ : एक स्थित्यंतर

आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ (१९५३) या बोलपटात मुलाच्या मनाची घडण आईच्या संस्कारांतून होते. अविनाश अरुण दिग्दर्शित ‘किल्ला’त (२०१४) तीच घडण निराळ्या वाटेने होते. वडील निवर्तलेले, आई नोकरीच्या व्यापाने गांजलेली. तिच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेला चिन्मय सवंगड्यांचा आधार शोधतो. तेच सवंगडी त्याला भर पावसात किल्ल्यावर एकटा सोडून परततात. मातृप्रेम येथेही अबाधित आहे. तथापि हा दुरावा आईला मिटविता येत नाही, तो मुलालाच ओलांडावा लागतो. पुन्हा बदली होते, तेव्हा त्याच सवंगड्यांचा वियोग त्याला दुःसह वाटतो. बाल्याची कसोटी आज्ञापालनाकडून क्षमाशील सख्याकडे सरकली, हेच या दोन कृतींमधील साठ वर्षांचे अंतर होय.