आपली गाणी, आपल्याच हाताने

आपल्या ब्रह्मपुरीकडे रोवणी लागली की बांध्यांत गाणी सुरू होतात. पण बाईचं गाणं टिकायला बाहेरून कुणी यंत्र घेऊन यावं लागे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकात त्यांतल्या कित्येक बायांच्याच आवाजात मुद्रित झाल्या.

२००० साली अमेरिकेतून ‘ऑडॅसिटी’ हे मोफत सॉफ्टवेअर आलं आणि स्टुडिओतलं काम साध्या संगणकावर होऊ लागलं. २००८ मध्ये आजच्या तेलंगणात गावच्या बायांनी स्वतः चालवलेला संघम रेडिओ सुरू झाला.

गटासाठी निवडताना आम्ही तीन गोष्टी पाहिल्या: पैसे लागू नयेत, नेटशिवाय चालावं, आवाज कापता-जोडता यावा. ताल-वाद्यं जुळवायला ‘एलएमएमएस’ चांगलं. गळा टिपायला ऑडॅसिटी सोपं.

मूळ रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये जपा, मोबाइलवर पाठवायला एमपीथ्री काढा. गाणारीला आधी विचारा, तिचं नाव-गाव तिच्याच तोंडून टिपा. आजी गेली की तिची गाणीही जातात, म्हणून या रोवणीतच तिच्याजवळ बसा.