चवदार तळं: परवानगी होती, मग अडलं कुठे?

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण सगळ्यांनी शाळेत वाचलाय. २० मार्च १९२७, महाड, बाबासाहेब, ओंजळभर पाणी. पण त्याआधीचा भाग पुस्तकात एका ओळीत उरकतात, म्हणून आज तिथूनच सुरू करू.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. कागदावर! आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर फीचर लाइव्ह, पण वापरणारं कुणी नाही. तळ्यावर गेलो तर मार बसेल ही भीती होतीच, आणि ती खरी होती. पण तिच्या खाली आणखी एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. आपल्या स्पर्शानं पाणी बाटतं, ही.

बाबासाहेबांनी परिषदेत काय केलं बघा. नुसतं सवर्णांना सुनावलं नाही, आपल्याच माणसांना सांगितलं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यांसाठी दारोदार फिरू नका. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी सुचवलं, आता तळ्यावरच जाऊ. हजारो माणसं रांगेनं बाजारपेठेतून गेली. आधी बाबासाहेब पाणी प्यायले, मग बाकीचे.

गावाचं मन बदललं का? अजिबात नाही. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली, परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या. नंतर शेण-गोमूत्र घालून तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावच मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं.

म्हणून मला वाटतं, त्या दिवशी बदलले ते पाणी पिणारे.

याचा पुरावा डिसेंबरात दिसतो. महाडलाच दुसरी परिषद भरली. कोर्टाची मनाई होती म्हणून तळ्यावर जाणं थांबवलं, पण २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तिथे आलेल्या बायकांशी बाबासाहेब वेगळं बोलले. जात ओळखू येईल असं आखूड लुगडं नेसू नका, म्हणाले. बायकांनी घरी जाईपर्यंतसुद्धा वाट पाहिली नाही. त्याच मुक्कामात घोट्यापर्यंत लुगडी नेसून त्या मांडवात येऊन बसल्या.