स्थूलता व स्त्रियांमधील मूत्र असंयम

इच्छेविरुद्ध लघवी होणे किंवा ती रोखून धरता न येणे यास मूत्र असंयम असे म्हणतात. वाढते वय, गर्भारपण, योनिमार्गे प्रसूती व रजोनिवृत्ती ही स्त्रियांमधील त्याची परिचित कारणे आहेत. शरीराचे अधिक वजन हाही एक स्वतंत्र धोक्याचा घटक मानला जातो. वय किंवा झालेली बाळंतपणे बदलता येत नाहीत, वजन मात्र कमी करता येते. म्हणून उपचारांत त्याला विशेष महत्त्व आहे.

प्रकार

मूत्र असंयमाचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत:

दाबजन्य असंयम: खोकताना, शिंकताना, हसताना किंवा वजन उचलताना पोटातील दाब वाढून थोडी लघवी बाहेर पडते.

तातडीचा असंयम: लघवीची तीव्र भावना अचानक होते व शौचालयापर्यंत पोहोचण्याआधीच लघवी होते.

मिश्र असंयम: वरील दोन्ही लक्षणे एकाच स्त्रीमध्ये आढळतात.

वजनाचा परिणाम

मूत्राशय व मूत्रमार्ग यांना ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचा आधार असतो. या स्नायूंना श्रोणितळाचे स्नायू म्हणतात. पोटाभोवती चरबी साठल्यास पोटातील दाब कायम वाढलेला राहतो आणि तो मूत्राशयावर व या स्नायूंवर पडतो. सततच्या ताणामुळे आधार सैल झाला, की खोकल्यासारख्या क्षणिक दाबाच्या वेळी मूत्रमार्ग पुरेसा बंद राहत नाही. त्यामुळे वजनाचा संबंध दाबजन्य व मिश्र असंयमाशी अधिक ठळकपणे दिसतो.

स्थूलतेबरोबर अनेकदा आढळणारा टाइप २ मधुमेहही यात भर घालतो. रक्तातील साखर वाढल्यास लघवीचे प्रमाण वाढते, तर दीर्घकालीन मधुमेहात मूत्राशयाच्या नसांना इजा होऊ शकते.

वजन घटवण्याचा परिणाम

याविषयीची 'प्राइड' ही चाचणी अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स व बर्मिंगहॅम या शहरांत झाली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीत असंयमाचा त्रास असलेल्या ३३८ अधिक वजनाच्या व स्थूल स्त्रियांचा समावेश होता. आहार, व्यायाम व सवयींतील बदल असा ६ महिन्यांचा कार्यक्रम केलेल्या गटाचे वजन सरासरी ८ टक्के घटले; केवळ आरोग्यविषयक माहिती मिळालेल्या गटाचे १.६ टक्के घटले. आठवड्यातील असंयमाच्या प्रसंगांत पहिल्या गटात ४७ टक्के, तर दुसऱ्या गटात २८ टक्के घट झाली. म्हणजेच लक्षणे कमी होण्यासाठी आदर्श वजन गाठणे आवश्यक नसते; माफक घटही उपयोगी ठरते.

उपचार

वजन कमी करण्याबरोबर श्रोणितळाच्या स्नायूंचे व्यायाम सुचवले जातात. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये त्यांविषयी लेखन केल्यामुळे ते 'केगेल व्यायाम' या नावाने ओळखले जातात. लघवी अडवताना जे स्नायू आवळले जातात, तेच ठरावीक काळ आवळून सैल सोडणे, असे त्यांचे स्वरूप असते. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे व्यायाम प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली किमान ३ महिने करावेत. तातडीच्या असंयमात चहा-कॉफी कमी करणे, लघवीला जाण्यातील अंतर हळूहळू वाढवणे व आवश्यकतेनुसार औषधे यांचा उपयोग होतो. या उपायांनी आराम न पडल्यास शस्त्रक्रियेचा विचार केला जातो.

गैरसमज व दक्षता

बाळंतपणानंतर किंवा उतारवयात असे व्हायचेच, या समजुतीमुळे व संकोचामुळे अनेक स्त्रिया हा त्रास सांगत नाहीत. काही जणी प्रवासात किंवा कामाच्या ठिकाणी पाणी पिणेच टाळतात. त्यामुळे लघवी गडद होऊन मूत्राशयाचा दाह वाढू शकतो; बद्धकोष्ठता झाल्यास कुंथण्याचा ताणही श्रोणितळावर पडतो. गळतीच्या भीतीने चालणे व व्यायाम सोडल्यास वजन आणखी वाढते आणि त्रास बळावतो.

सडपातळ स्त्रियांनाही मूत्र असंयम होऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक वेळी वजनालाच दोष देणे योग्य नाही. लघवीत रक्त, जळजळ, ताप, लघवी अडणे किंवा पायांत अचानक अशक्तपणा ही लक्षणे असल्यास त्वरित वैद्यकीय तपासणी आवश्यक असते.