लिनक्सवरील पायथॉन भाषेचे वितरण

पायथॉन या संगणक भाषेच्या आवृत्त्या लिनक्स परिचालन प्रणालीच्या डेबियन, फेडोरा, आर्च इ. वितरणांतून वापरणाऱ्यांपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था. भाषेचे रचनाकार मूळ आज्ञावली प्रसिद्ध करतात. ती यंत्रावर चालेल अशा रूपात आणणे, तिला लागणाऱ्या अन्य घटकांची नोंद करणे व सुरक्षाविषयक दुरुस्त्या पुरविणे, ही कामे वितरणाचे परिरक्षक करतात. अशा सिद्ध संचास ‘पॅकेज’ म्हणतात.

गीदो व्हान रॉसम यांनी पायथॉनची पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध केली. इअन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन प्रकल्प सुरू केला. पुढे डेबियनचे डीपीकेजी आणि रेड हॅटचे आरपीएम या साधनांमुळे पॅकेजे बसविणे व काढणे सुकर झाले. तथापि वितरणांनी स्वतःच्या अंतर्गत कामांसाठीही पायथॉनचा अवलंब केला. रेड हॅट कुलातील पॅकेजे बसविणारे ‘यम’ हे साधन पायथॉनमध्येच लिहिलेले होते. त्यामुळे प्रणालीतील पायथॉन परस्पर बदलल्यास दुरुस्तीचे साधनच निकामी होण्याचा धोका असे.

३ डिसेंबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेली ३.० ही आवृत्ती आधीच्या आवृत्त्यांशी हेतुतः विसंगत होती. अक्षरमजकूर व कच्ची अंकीय माहिती यांत तिने काटेकोर भेद केला. परिणामी अनेक जुन्या आज्ञावली तीवर चालेनात. आर्चने २०१० मध्ये ‘पायथॉन’ ही आज्ञा तिसऱ्या आवृत्तीस जोडली; इतर बहुतेक वितरणांनी ती दुसरीकडेच ठेवली. या भेदामुळे एकच आज्ञावली एका यंत्रावर चाले, तर दुसऱ्यावर अडे. म्हणून दोन्ही आवृत्त्यांना ‘पायथॉन२’ व ‘पायथॉन३’ अशी स्वतंत्र आज्ञानामे द्यावीत, अशी शिफारस २०११ मध्ये करण्यात आली. दोन्ही आवृत्त्या एकाच यंत्रावर शेजारी नांदू शकल्याने स्थित्यंतर टप्प्याटप्प्याने करता आले.

२.७ आवृत्तीच्या आधाराची २०१५ ही मुदत पुढे २०२० पर्यंत वाढविण्यात आली आणि २.७.१८ ही अखेरची आवृत्ती एप्रिल २०२० मध्ये निघाली. डेबियनने जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीतून पायथॉन २ वगळले. त्याच आवृत्तीपासून ‘पिप’ हे साधन प्रणालीच्या पायथॉनमध्ये परस्पर भर घालण्यास सामान्यतः नकार देते व स्वतंत्र आभासी परिसर वापरण्यास सुचविते.

भाषेची नवी आवृत्ती एका दिवसात प्रसिद्ध होते. मात्र जुनी आवृत्ती डेबियनमधून वगळण्यास साडेचौदा वर्षे लागली. प्रणालीचे स्थैर्य आणि भाषेची प्रगती यांचा मेळ घालण्याचे हे मूल्य होय.