बी, माती आणि मेंदूचा उंबरठा : स्तनाच्या कर्करोगाच्या एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

मार्च १८८९. लंडनच्या ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात स्टीफन पॅजेट या शल्यविशारदाचा एक लेख प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाने मृत्यू पावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्याने पडताळून पाहिल्या होत्या. त्याचा प्रश्न साधा होता. मूळ गाठीतून सुटलेला रोग शरीरात कोठे जातो, आणि तेथेच का जातो?

नोंदींतून दिसलेले चित्र विलक्षण होते. यकृतात दुय्यम गाठी आढळल्या त्या २४१ जणींच्या. प्लीहेत मात्र अवघ्या १७ जणींच्या. रक्त तर दोन्ही अवयवांना मिळते. कर्करोगाच्या पेशी नुसत्या रक्तप्रवाहात वाहत जाऊन अडकतील तेथे रुजत असत्या, तर इतकी तफावत पडली नसती. पॅजेटने यातून मांडलेला विचार आजही ‘बी आणि माती’ या नावाने ओळखला जातो. बी चहूकडे उधळले जाते, पण रुजते ते मानवेल त्याच मातीत. काळ्या रानात जोमाने येणारे पीक मुरमाड माळावर धरत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही; वैद्यकाला मात्र ते मान्य करण्यास जवळजवळ शतक लागले.

१९२८ मध्ये जेम्स युइंग या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने उलट बाजू मांडली. रक्तवाहिन्यांची रचनाच रोगाची दिशा ठरवते, असे त्याचे म्हणणे होते आणि ते बराच काळ प्रमाण मानले गेले. १९८० मध्ये इयन हार्ट आणि आयझाया फिडलर यांनी उंदरांवर एक निर्णायक प्रयोग केला. फुप्फुस, अंडाशय आणि मूत्रपिंड यांच्या ऊतींचे तुकडे त्यांनी उंदरांच्या शरीरात मूळ जागेहून वेगळ्या ठिकाणी रोपले आणि मग त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी रक्तात सोडल्या. गाठी फुप्फुसाच्या आणि अंडाशयाच्या ऊतींत वाढल्या, मूत्रपिंडाच्या ऊतीत वाढल्या नाहीत. मातीचा पक्ष खरा ठरला.

मेंदू ही मात्र सर्वांत निराळी माती. १८८५ मध्ये पॉल एर्लिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंगद्रव्ये सोडली, तेव्हा जवळजवळ सारे अवयव रंगले, पण मेंदू कोराच राहिला. मेंदूला त्या रंगाची ओढ नसावी, असा त्यांचा समज झाला. त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमान यांनी १९१३ मध्ये रंग रक्तात न सोडता मेंदूभोवतीच्या द्रवात सोडला. आता मेंदू रंगला आणि उरलेले शरीर कोरे राहिले. म्हणजे मेंदू रंग नाकारत नव्हता. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर उभा होता. १९६७ मध्ये थॉमस रीझ आणि मॉरिस कार्नोव्स्की यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो अडसर दाखवला. मेंदूतील केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की त्यांच्या फटींतून मोठे रेणू आत शिरूच शकत नाहीत. मेंदूच्या रक्षणासाठी निसर्गाने उभारलेल्या या तटबंदीचे दुसरे रूप पुढे कर्करोगतज्ज्ञांना अनुभवावे लागले.

१९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या १८९ गाठी तपासल्या. त्यांपैकी काही गाठींत ‘हर-टू’ नावाच्या जनुकाच्या प्रती नेहमीपेक्षा कितीतरी अधिक होत्या, आणि अशा स्त्रियांत रोग लवकर उलटत होता. या जनुकापासून पेशीच्या पृष्ठभागावर तयार होणाऱ्या प्रथिनाला जखडून ठेवणारे प्रतिपिंड, म्हणजेच ट्रॅस्टुझुमॅब हे औषध, १९९८ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६९ स्त्रियांवरील चाचणीत किमोथेरपीला या औषधाची जोड दिल्याने मध्यक आयुष्य २०.३ महिन्यांवरून २५.१ महिन्यांवर गेले. सर्वांत आक्रमक मानल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या कर्करोगावर नेमका घाव घालणारे औषध हाती आले होते.

या यशाच्या पाठोपाठ एक अनपेक्षित संकट दिसू लागले. २००३ मध्ये बोस्टनमधील डॉक्टरांनी ट्रॅस्टुझुमॅब घेतलेल्या, रोग पसरलेल्या १२२ स्त्रियांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी ३४ टक्के स्त्रियांच्या मेंदूत वा मध्यवर्ती चेतासंस्थेत रोग पोहोचला होता. त्याहून बोलका तपशील असा, की मेंदूतील रोगाचे निदान झाले तेव्हा यांतील निम्म्या स्त्रियांच्या उरलेल्या शरीरातील रोग आटोक्यात होता. सुमारे दीड लाख डाल्टन वजनाचा हा प्रतिपिंड यकृतात आणि फुप्फुसात पोहोचत होता, पण मेंदूच्या तटबंदीपाशी बहुतांशी अडत होता. तिच्याआड दडलेल्या पेशींना जणू अभय मिळाले होते. शिवाय ज्या स्त्रिया पूर्वी इतर अवयवांतील रोगाने लवकर दगावत, त्या आता मेंदूतील रोग प्रकट होण्याइतक्या जगत होत्या. उपचाराने रोग मेंदूत ढकलला नव्हता. आयुष्य वाढल्याने पूर्वी न दिसणारा धोका दिसू लागला होता.

मेंदूत प्रसार होण्याचा धोका कोणाला अधिक, याची यादी अशा निरीक्षणांतून तयार झाली. हर-टू प्रकारची गाठ; इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-टू या तिन्ही ग्राहकांचा अभाव असलेली ‘ट्रिपल निगेटिव्ह’ गाठ; उच्च श्रेणीची, म्हणजे वेगाने विभागणाऱ्या पेशींची गाठ; मोठा आकार; काखेतील लसिका ग्रंथींत पोहोचलेला रोग; फुप्फुसातील प्रसार; आणि निदानाच्या वेळचे तरुण वय. रोग दूरवर पसरलेल्या रुग्णांपैकी पहिल्या दोन प्रकारांत साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून अधिक जणींच्या मेंदूत तो पोहोचतो. लवकर निदान झालेल्या स्त्रियांत मात्र हे प्रमाण फारच थोडे असते. हा भेद न सांगता आकडे फिरवले, तर भीती तेवढी पसरते.

या यादीत वय कसे आले आहे, ते पाहण्यासारखे आहे. स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता वयाबरोबर वाढते; तो मेंदूत जाण्याची शक्यता मात्र तरुण स्त्रियांत अधिक, कारण त्यांच्यात आक्रमक प्रकारच्या गाठींचे प्रमाण जास्त असते. म्हणजेच रोग होण्याची कारणे आणि तो मेंदूत जाण्याची कारणे या दोन वेगळ्या याद्या आहेत. दुसऱ्या यादीतील बहुतेक घटक गाठीचे गुणधर्म आहेत, रुग्णाचे आचरण नव्हे. ‘आपलेच काहीतरी चुकले’ या विचाराने खचणाऱ्या स्त्रीला हे कोणीतरी स्पष्ट सांगणे औषधाइतकेच गरजेचे आहे.

बी तटबंदी ओलांडते कसे, याचा शोध पुढे सुरू राहिला. २००९ मध्ये जोन मासागे यांच्या प्रयोगशाळेने मेंदूतील प्रसाराला साहाय्य करणारी जनुके दाखवली. त्यांपैकी एका जनुकामुळे कर्करोगाच्या पेशी मेंदूच्या केशवाहिन्यांना अधिक चांगल्या चिकटतात. २०१५ मध्ये दिसले, की मेंदूतील तारकापेशी सूक्ष्म पुटिकांतून पाठवलेल्या संदेशाने आगंतुक पेशींमधील एक रक्षक जनुक निष्प्रभ करतात. २०१९ मध्ये तर या पेशी चेतापेशींच्या जोडांजवळ ठाण मांडून तेथील ग्लुटामेट या संदेशवाहकावर पोसल्या जातात, असे आढळले. पॅजेटची ‘माती’ नुसती पडून नव्हती. ती बियाला खतपाणी घालत होती.

औषधेही लहान रेणूंकडे वळली. सुमारे ४८० डाल्टन वजनाचे टुकॅटिनिब हे औषध ६१२ रुग्णांच्या चाचणीत वापरले गेले. बहुतेक चाचण्या मेंदूत रोग असलेल्यांना वगळत असताना या चाचणीत जवळजवळ निम्म्या स्त्रिया तशाच होत्या. त्यांच्यापैकी औषध मिळालेल्या गटात वर्षअखेरीस २४.९ टक्के स्त्रियांचा रोग वाढलेला नव्हता. तुलनेच्या गटात अशी एकही स्त्री उरली नव्हती. २०२० मध्ये अमेरिकेत हे औषध मान्य झाले.

भारतासाठी या इतिहासाला वेगळे वजन आहे. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग होतो. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत येथील रुग्णांचे सरासरी वय कमी आहे, आणि २०१६ च्या एका एकत्रित विश्लेषणात ट्रिपल निगेटिव्ह गाठींचे प्रमाण सुमारे ३१ टक्के आढळले. मेंदूतील प्रसाराचे दोन्ही धोके येथे अधिक आहेत. २०१४ मध्ये भारतीय बनावटीचे ट्रॅस्टुझुमॅब बाजारात आल्याने किंमत काही अंशी उतरली. पण गाठीची हर-टू तपासणीच झाली नाही, तर स्वस्त औषधाचाही उपयोग होत नाही.

लक्षणे नसताना प्रत्येक रुग्णाच्या मेंदूचे एमआरआय चित्रण करण्याची शिफारस मार्गदर्शक तत्त्वे करीत नाहीत. मात्र धोक्याच्या गटातील स्त्रीला नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, उलट्या, तोल जाणे, दृष्टी वा बोलणे बिघडणे किंवा फिट येणे यांपैकी काहीही झाले, तर ‘पित्त असेल’ म्हणून दिवस काढू नयेत. डॉक्टरांना लगेच कळवावे.

१९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांचा एक दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांची स्तनतपासणी प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हातांनी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्या रोगाचे प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले होते, आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले होते. या अभ्यासाचा विषय मेंदू नव्हता. पण उशिरा सापडलेला रोग हाच मेंदूकडे जाणाऱ्या वाटेचा मोठा टप्पा असतो. मेंदूची तटबंदी ओलांडणारी औषधे महाग आहेत आणि मोजक्या जणींपर्यंत पोहोचतात. बी उधळण्यापूर्वी गाठ शोधणारे हात मात्र वस्तीवस्तीत तयार करता येतात.